वरच्या मजल्याची ओल, आणि आणखी चार पत्रं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं गळतीचीच आहेत, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा देते आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी ३२ वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली आणि ११ वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. त्यामुळे पाइप आणि माणसं, दोन्हींशी रोजचा संबंध आला.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या छताला दोन वर्षांपासून ओल आहे. गिलाव्याचे पोपडे पडतात, आता पाणी दिव्याच्या होल्डरपर्यंत आलंय. वरच्या घरात वयस्कर नवरा-बायको राहतात. ते म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे, फरशी फोडू देणार नाही. कमिटी म्हणते, तुमचं तुम्ही बघा. आता जिन्यात भेटलो तरी बोलणं होत नाही. कोर्टात जावं का?

होल्डरचं आधी बघा. इलेक्ट्रिशियनला बोलावून आजच त्या पॉइंटची वायर सुटी करून घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या दिव्यावर भागवा. ओल्या स्लॅबमधून उतरलेली वायर कुणाच्या संमतीची वाट बघत नाही.

आता गळती. वरची मंडळी ‘आमच्याकडे कोरडं आहे’ म्हणतात, ते बहुतेक वेळा खरं असतं. पुष्कळ इमारतींत बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात पाइप टाकतात, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि मग फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी बाहेर नेणाऱ्या भांड्याच्या) कडेनं पाणी झिरपलं की ते या भरावात मुरतं. वर वावरणाऱ्याच्या पायाला टिपूससुद्धा लागत नाही, आणि तुमच्या छताला धार लागते. दोन्ही घरं खरं बोलत असतात आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटतो. अशी घरं मी मोजता येणार नाहीत इतकी पाहिली आहेत.

पाणी कुठून येतंय ते फरशी फोडण्याआधी बरंचसं कळू शकतं. एक पेन्सिल घ्या. छतावर ओलीची कड जिथवर आली आहे तिथं रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आठ दिवस सकाळी उठल्यावर, वरच्यांच्या अंघोळी आटोपल्यावर आणि रात्री झोपताना बघा. ठिबक दिवसरात्र सारखीच असेल तर संशय नळाच्या लाइनवर, कारण तिच्यात पाणी सतत दाबाखाली असतं. वरच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह एक रात्र बंद ठेवला आणि ठिबक कमी झाली की खात्री पटते. अंघोळीनंतर तास-दोन तासांत ओल वाढत असेल तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅप. फ्लश ओढल्यावर वाढत असेल आणि वास येत असेल तर कमोडची जोडणी. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा बाहेरचा पाइप. भिजलेल्या विटा पाणी सावकाश सोडतात, म्हणून एक-दोन दिवसांवरून काही ठरवू नका. आठ दिवस म्हणजे आठ दिवस.

फरशीवर संशय आला तर ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवायचं आणि २४ तास तसंच ठेवायचं. खालची ओल पेन्सिलीच्या रेघेबाहेर सरकली की दोष फरशीत किंवा तिच्याखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. या चाचणीला रुपया लागत नाही, पण वरच्या घरातलं बाथरूम एक दिवस बंद राहतं. हा मुद्दा लक्षात असू द्या, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

खर्चाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांत, त्याची वाटणी दिलेली आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती हा सोसायटीचा खर्च. घराच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती ज्याच्या घरातली त्याची. त्यामुळे कारण कळल्याशिवाय ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणणं कमिटीला शोभत नाही. पूर्वसूचना देऊन सेक्रेटरी आणि एखादा कमिटी सदस्य घराची पाहणी करू शकतात, सभासदानं त्यांना आत येऊ द्यायचं असतं. दुरुस्तीची नोटीस देऊनही काम झालं नाही तर सोसायटी ते करून घेऊन खर्च त्या सभासदाकडून वसूल करू शकते. तेव्हा सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पेन्सिलीच्या रेघांचे तारखेसह फोटो जोडा आणि प्रतीवर पोच घ्या. यानंतरही काही हललं नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे.

पण तुम्ही अजून तिकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण सांगते.

मी सेक्रेटरी असताना आमच्याच इमारतीत हे झालं होतं. वरच्या काकू पावणेदोन वर्षं प्लंबरला दारातून परत पाठवत होत्या. सोसायटीनं तीन पत्रं दिली, तिन्हींवर सही माझी. चौथं लिहायला घेतलं आणि का कोण जाणे, तसंच ठेवून वर गेले. हातात कागद नव्हता. काकूंनी मला थेट बाथरूममध्ये नेलं, ‘बघ कुठं ओलं आहे ते’ म्हणून. कमोडच्या शेजारी भिंतीला एक दांडा बसवलेला होता. धरून धरून त्याचा मधला भाग चकचकीत झाला होता, दोन्ही टोकांना मात्र पाण्याचे पांढरे डाग तसेच होते. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि घरात कमोड तेवढा एकच. काकूंनी त्या दांड्यावर हात ठेवला आणि विचारलं, “फरशी फोडलीस तर आठ दिवस यांना नेऊ कुठं?”

पावणेदोन वर्षांत आमच्यापैकी एकानंही त्यांना हे विचारलं नव्हतं. आमचं प्रत्येक पत्र ‘आपण सहकार्य करत नाही’ या वाक्यानं सुरू होत होतं.

त्यांच्याच मजल्यावर समोरचा फ्लॅट रिकामा होता. मालकांना फोन करून पंधरा दिवसांसाठी किल्ली मागितली, त्यांनी लगेच दिली. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी प्लंबरनं तिथल्या कमोडशेजारी तसाच दांडा, त्याच उंचीवर बसवला. काकांनी स्वतः बसून-उठून बघितलं, ‘हं’ म्हणाले, आणि मगच फरशीवर छिन्नी पडली. अकरा दिवस लागले. दोष ट्रॅप आणि पाइपाच्या जोडात निघाला.

तुमच्या पत्रात वरच्यांबद्दल ‘वयस्कर नवरा-बायको’ एवढंच आहे. त्यांच्या घरात किती बाथरूम आहेत, कुणाचं काय दुखतं, पैशांची चणचण आहे का, यातलं तुम्हाला काय माहीत आहे? वर जा. ओलीचा विषय काढण्याआधी काम निघालं तर त्यांची सोय कशी लागेल ते विचारा. तुमचं बाथरूम त्या दिवसांत वापरायला देता येईल का याचाही विचार करून जा.

आणखी एक गोष्ट. दुरुस्ती झाल्यावर छत लगेच कोरडं होत नाही. भरावात मुरलेलं पाणी कित्येक आठवडे उतरत राहतं. आमच्याकडे खालचे लोक पंधराव्या दिवशी ‘पैसे वाया गेले’ म्हणू लागले होते. तेव्हाही पेन्सिलच कामी आली. रेघ दर आठवड्याला आत सरकत होती, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. रंगकाम मात्र पूर्ण सुकल्यावरच करा, नाहीतर नवे पोपडे येतील.

प्रश्न : सोसायटीत ४२ फ्लॅट आणि २६ पार्किंग. स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या) १४ जागा काही जणांनी बिल्डरकडून ‘विकत’ घेतल्या आहेत, दोघा-तिघांकडे दोन-दोन जागा आहेत. माझी मुलगी व्हीलचेअर वापरते आणि आम्हाला गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते. मीटिंगमध्ये विषय काढला तर ‘नियम सगळ्यांना सारखा’ असं उत्तर मिळालं.

नियम सारखा हवा असेल तर तो आधी सगळ्यांनी वाचायला हवा. आदर्श उपविधींनुसार एका सभासदाला एकच जागा. सगळ्यांना देऊन जागा उरल्या तरच दुसरी, तीही वर्षावर्षापुरती. जागांपेक्षा मागणारे जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप. आणि बिल्डरला स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१० मध्ये, तेव्हाच्या कायद्याखाली, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला आहे. तेव्हा दुसरी जागा धरून बसलेल्यांची बाजू कच्ची आहे.

तरीही निकालाची प्रत घेऊन मीटिंगमध्ये उभ्या राहिलात तर त्या १४ जागा घेतलेली सगळी घरं एकत्र येतील, कारण त्यांनी त्या काळी खरोखर पैसे मोजलेत आणि ते बुडतील ही धास्ती त्यांना आहे. म्हणून मागणी नेमकी ठेवा. ‘कुणाचीही पहिली जागा जाणार नाही. दुसऱ्या जागा आधी परत याव्यात. लिफ्टला सगळ्यांत जवळची एक जागा व्हीलचेअरसाठी कायम राखून ठेवावी आणि ती चिठ्ठीत धरू नये.’ हा मसुदा लेखी द्या आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ती सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. ‘आयत्या वेळचे विषय’ यात हा विषय जाऊ देऊ नका, तिथं निम्मे लोक उठून गेलेले असतात.

रुंदीही मागून घ्या. नेहमीची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावायची तर ३.६ मीटर लागतात. टेप घेऊन जागा आधी मोजून ठेवा. आणि सभेपूर्वी एखाद्या संध्याकाळी कमिटीतल्या दोघांना, तुमची मुलगी रस्त्यावर गाडीतून उतरते तेव्हा तिथं यायला सांगा, अर्थात तिची हरकत नसेल तरच. मागून हॉर्न वाजत असताना खुर्ची उघडायला किती वेळ लागतो हे मीटिंगच्या खुर्चीवर बसून समजत नाही.

प्रश्न : आमच्या विंगमधल्या एक ताई रोज संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी भटक्या कुत्र्यांना खायला घालतात. माझा सहा वर्षांचा मुलगा घाबरून खाली खेळायला जात नाही. कुत्री पकडून लांब नेऊन सोडावीत असं माझं म्हणणं आहे. त्यावरून मला ‘निर्दयी’ ठरवण्यात आलं.

मुलासाठी घाबरणारी आई निर्दयी नसते, आणि असं म्हणणाऱ्यांनी तुमची क्षमा मागायला हवी. पण कुत्री लांब नेऊन सोडण्याचा आग्रह सोडा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडायचं असतं. शिवाय ओळखीची, लस टोचलेली चार कुत्री गेली की ती मोकळी जागा अनोळखी कुत्री बळकावतात आणि मग त्यांच्यात रात्री-बेरात्री झटापट सुरू होते.

तुमचा खरा त्रास जिन्याच्या पायथ्याचा आहे, आणि तिथं तेच नियम तुमच्या बाजूचे आहेत. खाऊ घालण्याची जागा जिने, इमारतीची दारं आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर असावी, वेळ मुलं आणि वृद्ध तिथं कमीत कमी वावरतात ती असावी, आणि ती जागा स्वच्छ राहावी, असं त्यांत सांगितलं आहे. जागा नेमण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर किंवा स्थानिक संस्थेवर आहे. तेव्हा ताईंशी दयेवर वाद घालू नका. मागच्या भिंतीजवळचा कोपरा आणि रात्री साडेनऊनंतरची वेळ, असा साधा प्रस्ताव मांडा. त्या रोज येतात म्हणजे कुत्री त्यांचं ऐकतात. आठवडाभर त्यांनी भांडं तिकडे नेलं की कुत्रीही तिकडे जातील, हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

त्यांना हेही विचारा की किती कुत्र्यांची नसबंदी झाली आहे. झालेल्याच्या कानाला खाच असते, लांबूनही दिसते. ज्यांच्या कानाला नसेल त्यांच्यासाठी पालिकेकडे दोघींनी मिळून अर्ज करा. आणि कधी चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. नुसता ओरखडा असला तरी डॉक्टरांना दाखवायचं. हे घरातल्या सांभाळणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवा.

प्रश्न : मी फ्लॅट भाड्यानं दिला आहे. सोसायटी भाड्याच्या दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) मागते. बरोबर आहे का?

नाही. दहा टक्के ही मर्यादा सेवाशुल्कावर, म्हणजे सोसायटीच्या सामाईक सेवांसाठीच्या आकारणीवर आहे, भाड्यावर नाही, आणि सेवाशुल्कात पालिकेचे कर धरायचे नाहीत. शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. तुमचं महिन्याचं सेवाशुल्क १,८०० रुपये असेल तर जास्तीत जास्त १८० रुपये. जवळच्या नातेवाइकांना राहायला दिलं असेल तर तेही नाही. कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीला जरूर द्या. आजवर जास्त घेतलं असेल तर बिलांच्या प्रती जोडून पुढच्या बिलांत वळतं करून मागा.

प्रश्न : आम्ही पाचव्या, शेवटच्या मजल्यावर राहतो. पाण्याची टाकी अगदी आमच्या डोक्यावर, तरी नळाला करंगळीएवढी धार. खाली मात्र धो-धो. खालचे लोक पाणी उधळतात म्हणूनच हे होतं ना? यावरून गेल्या मीटिंगमध्ये हमरीतुमरी झाली.

टाकी डोक्यावर आहे म्हणूनच धार बारीक आहे. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, दर दहा मीटरला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरवर). टाकीतलं पाणी तुमच्या शॉवरच्या वर जेमतेम दोन मीटर असेल, म्हणजे तुमच्याकडे ०.२ किलो. तळमजल्यावर तेच पाणी १४-१५ मीटर उतरून येतं, त्यांच्याकडे दीड किलोच्या आसपास. ते नळ जपून उघडत असले तरी धार जोरातच लागणार.

एका बाबतीत तुमची शंका खरी असू शकते. सगळ्या मजल्यांना एकच उतरता पाइप असेल तर सकाळी खाली चार नळ एकदम सुटले की वरचं पाणी ओढलं जातं. दोष त्या पाइपाच्या मांडणीचा आहे. शेवटच्या मजल्यासाठी टाकीपासून थेट, जरा मोठ्या व्यासाची वेगळी लाइन घेतली की हा त्रास बराच कमी होतो. तेवढ्यानं शॉवरला पुरेसा दाब आला नाही तर त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवता येतो. पालिकेच्या थेट लाइनला मोटर लावायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. सोसायटीला खर्च जड वाटत असेल तर निदान खालच्या मजल्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळून बघा. त्यांची धार जराशीच कमी होते, तुमची वाढते.

पण त्याही आधी प्लंबरला घेऊन गच्चीवर जा. टाकीतून निघणाऱ्या लाइनवर जो व्हॉल्व्ह आहे तो पूर्ण उघडा आहे का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह आतून निम्म्यावर अडकलेला असतो आणि बाहेरून चाक सैल फिरत असल्यानं तो उघडाच आहे असं वाटतं. त्याच लाइनला हवेसाठी उभा पाइप काढलेला असतो, त्याच्या तोंडाशी माती साचली आहे का तेही बघा. हवा कोंडली की धार तुटक येते. हे बघायला पंधरा मिनिटं लागतील. जाताना ज्यांच्याशी वाद झाला त्या तळमजल्यावरच्यांपैकी एकाला बरोबर न्या.